पुराच्या नावेला डिझेलचे जेट हवे का?

मिरगाआधी बी-बियाणे, खत आणि औते यांची जुळवाजुळव करतो, तशी नदीकाठच्या गावांनी नावेचीही करावी, हे आमचे जुने सांगणे आहे. २००५ च्या महापुरात आमच्याकडे नाव म्हणजे गुऱ्हाळाची काहील होती. चार माणसे बसायची, एकजण बांबूने रेटायचा आणि काहील भोवऱ्यासारखी फिरत फिरत पलीकडे लागायची. २०१९ साली पाणी त्याहून वर आले. काहिली तोवर मोडीत गेल्या होत्या, आणि बाहेरून नाव येईपर्यंत लोकांनी दोन रात्री माडीवर काढल्या. २०२१ साली पुन्हा तेच. तेव्हा आता वर्गणी काढून गावाची स्वतःची नाव घ्यायची, हे ठरले. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो नावेला यंत्र कोणते लावायचे याचा.

त्याचे असे झाले. गावातला एक तरुण गोव्यात पर्यटकांच्या बोटीवर कामाला असतो. सुट्टीला आला तेव्हा रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने मोबाईलवर आम्हाला एक चित्रफीत दाखवली. वीतभर पाण्यातून, गोट्यांवरून एक बोट सुसाट जाते आहे आणि तिला पाण्याखाली पंखाच नाही. तो म्हणाला, "काका, पंखा नाही म्हणजे काही अडकायचे नाही, कुणाचा पाय कापायचा नाही. आणि डिझेलवरचे यंत्र घेतले तर इंधनाचा प्रश्न नाही. डिझेल घरोघरी ट्रॅक्टरसाठी असतेच." ऐकणाऱ्यांच्या माना डोलल्या. आमचीही डोलली, हे कबूल करतो. मग घरी येऊन जरा हिशेब मांडला, माहितगारांना विचारले, आणि मत बदलले. ते का बदलले, हे पैसे खर्च होण्यापूर्वी सांगितलेले बरे. आमच्या गावासारखाच विचार करणारी गावे दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेच्या काठी आणखीही असतील.

आधी जेट म्हणजे काय ते पाहू. आपल्या वाचकांना ते समजायला अवघड नाही, कारण विहिरीवरचा पंप सर्वांनी पाहिला आहे. बोटीच्या तळाशी जाळीचे तोंड असते. त्यातून पंप पाणी ओढतो आणि मागच्या बाजूला अरुंद तोंडातून जोराने फेकतो. पाणी मागे, बोट पुढे. झोताचे तोंड डावी-उजवीकडे वळवले की बोट वळते. झोतासमोर झडप आणून तो पुढे वळवला की बोट मागे येते. एवढेच. ही युक्ती न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन या गृहस्थांनी १९५४ च्या सुमारास चालू केली. ते मेंढपाळीच्या मुलखातले, यंत्राचे नादिक. तिकडच्या नद्या रुंद, उथळ, गोट्यांनी भरलेल्या. पंख्याची बोट तिथे चालेना, म्हणून त्यांनी हे काढले. १९६० साली त्यांच्या बोटी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या प्रचंड घळीतून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. आपल्या देशानेही हा प्रकार पाहिला आहे. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी गंगासागरहून गंगेतून वर निघाले, ते अशाच तीन जेट बोटींतून. 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया' अशी त्या बोटींची नावे. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला तेव्हाच त्या थांबल्या. तेव्हा जेट म्हणजे खेळणे नव्हे. उथळ, खडकाळ आणि वेगाच्या नदीत त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण हिलरींच्या गंगेत आणि आपल्या महापुरात फरक आहे. महापूर नदीत नसतो, तो शेतात असतो.

२०१९ साली आमच्या शिवारावर जे पाणी होते त्यात काय काय वाहत होते ते आठवा. उसाचे पाचट, वाडे, केंदाळ, कडब्याच्या पेंढ्या, खताची रिकामी पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, बाभळीच्या फांद्या. पाण्याखाली उभा ऊस. आता विहिरीतल्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह आठवा (आमच्याकडे बरेचजण त्याला फुटबॉलच म्हणतात). मूठभर पाला त्याच्या जाळीला लागला की पंप हवा धरतो, पाणी टाकतच नाही, आणि आपण विहिरीत उतरतो. जेट म्हणजे तोच पंप, फक्त बोटीला लावलेला. त्याच्या जाळीवर पाचटाचा थर बसला की यंत्र मोठ्याने ओरडते, पण बोट जागची हलत नाही. पंख्याला पाचट गुंडाळले जाते हे खरे, पण पंखा उघड्यावर असतो. यंत्र बंद करून पाय वर उचलला की विळ्याने कापून काढता येते. बोटीच्या मागे टांगलेले जेटही वर उचलता येते, तेवढी सोय त्यात आहे. पण जाळीच्या आत, पंपाच्या पात्यांत जे शिरले ते काढायला हात आत घालावा लागतो, आणि तेही धारेत वाहत असताना.

या पानावर आरोग्याचेही बोलतो, म्हणून एक गोष्ट इथेच. उसाच्या पानाने कापलेले हात पुराच्या पाण्यात तासन् तास राहिले तर उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या चिरांतून शरीरात शिरतात. काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल. पुढे कावीळ आणि मूत्रपिंडांवर परिणाम. नावेवर काम करणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, पुरानंतर ताप आला तर अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" असे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारावे. जितक्या वेळा जाळी साफ करायची, तितक्या वेळा हात पाण्यात, हे उघड आहे.

आता जोराचा हिशेब. हा भाग थोडा शाळेतल्या गणितासारखा आहे, पण सगळी मेख इथेच आहे. बोट पुढे ढकलायची तर पाणी मागे ढकलावे लागते. समजा दर सेकंदाला १०० किलो पाणी सेकंदाला ५ मीटर वेगाने मागे लोटले. तेवढाच रेटा ५० किलो पाणी १० मीटर वेगाने फेकूनही मिळतो. रेटा सारखाच, पण पहिल्याला साधारण १,२५० वॅट शक्ती लागते आणि दुसऱ्याला २,५००, म्हणजे दुप्पट. मोठा पंखा पुष्कळ पाणी सावकाश लोटतो. जेट थोडे पाणी जोरात फेकते. बोट हलकी असून भरधाव पळत असेल तर हा तोटा बराच भरून निघतो. पण पुरात आपली नाव भरधाव कधी जाते? ती माणसांनी भरलेली, घराच्या कोपऱ्यांतून, विजेच्या खांबांमधून, माणसाच्या चालीने जायची. नेमके तिथेच जेट सर्वांत दुबळे.

बनवणारेही हे लपवत नाहीत. मागे टांगायच्या पेट्रोल यंत्राला पंख्याऐवजी जेटचा पाय लावला तर सुमारे तीस टक्के शक्ती कमी धरावी, असा ढोबळ नियम आहे. एका नामांकित कंपनीच्या यादीत 'जेट ४०' म्हणून जे यंत्र आहे, त्याचे इंजिन ६० अश्वशक्तीचे आहे. 'जेट ६५' चे ९० चे. म्हणजे कंपनीनेच आकडा उतरवून लिहिला आहे. हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. विकणारा मात्र तो तुम्हाला सांगेलच असे नाही.

यात डिझेलची भर घाला. डिझेलचे आकर्षण आम्हाला कळते, आणि ते खोटे नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. नावेच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीने भडका उडतो. डिझेल त्या मानाने सौम्य. पेट्रोल काही महिने डब्यात राहिले की शिळे होते, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, आणि ऐन पुरात दोरी ओढून ओढून हात दुखतात. डिझेल जास्त टिकते, आणि त्याचे इंजिन गावातला मिस्त्री डोळे झाकून खोलतो. पुरात पेट्रोलपंप पाण्यात असला तरी ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल असते. हे सगळे मान्य.

पण वजन! डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. त्या दाबाला टिकेल असे लोखंड जाड हवे. म्हणून मागे टांगायची डिझेल यंत्रे जगात आजवर थोडीच निघाली. यान्मारचे ३६ अश्वशक्तीचे एक जुने यंत्र होते, ११६ किलोच्या आसपास. ते आता बनत नाही. अलीकडे त्याच नावाखाली ५० अश्वशक्तीचे नवे यंत्र आले, त्याचे वजन सुमारे १७५ किलो. स्वीडनचे ओक्से आणि इंग्लंडचे कॉक्स यांची यंत्रे दीडशे-तीनशे अश्वशक्तीची, साडेतीनशे-चारशे किलोंची. ती मोठ्या बोटींची कामे, आपल्याला त्यांचा उपयोग नाही. आणि नव्या यंत्रांतले इंधन सोडणारे भाग संगणकावर चालणारे असतात. म्हणजे "आपला मिस्त्री खोलेल" हा मुद्दाही तिथे संपतो.

आता आपल्या नावेचे पाहा. ५० अश्वशक्तीचे डिझेल घेतले, त्याला जेट लावले, तीस टक्के गेले. हाती उरले ३५, आणि नावेच्या शेपटाला १७५ किलो. याउलट पंख्याचे २५ अश्वशक्तीचे पेट्रोल यंत्र पन्नास ते सत्तर किलोंत मिळते, आणि सावकाश चालीत ओझे ओढायला ते त्या जेटहून कमी पडणार नाही. मधला फरक शंभर किलोंहून जास्त आहे. म्हणजे जवळजवळ दोन माणसे. पंधरा फुटी नावेत दोन माणसांची जागा ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. शिवाय ते वजन मधे नाही, टोकाला. मागची फळी पाण्यालगत येते, आणि घाबरलेली माणसे चढताना नेहमी एकाच बाजूने चढतात.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला काय झाले ते कोणी विसरले नसेल. पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव, तिच्यात झेपण्यापलीकडे माणसे, आणि ती उलटली. बायका-मुलांसह डझनाहून अधिक जीव गेले. तिथे घात केला तो ओझ्याने. म्हणून नाव निवडताना आम्ही पहिला प्रश्न यंत्राचा विचारत नाही. ओझे किती आणि पाण्यावर काठ किती इंच उरतो, हा आमचा पहिला प्रश्न.

आणखी एक अडचण आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. मागे टांगायच्या जेटमध्ये मधे दातेरी चाके नसतात; इंजिनाच्या आसाला पंप थेट जोडलेला. इंजिन जितके फिरेल तितकाच पंप फिरणार. पेट्रोल यंत्र मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेते, जेटचा पंप त्याच मापाने केलेला असतो. डिझेल चार हजारांच्या आसपास थांबते. पंपाचे काम फेऱ्यांच्या घनाने वाढते-घटते, हे विद्युत मोटारीचे ज्ञान असलेले वाचक जाणतात. साडेपाच हजारांचा पंप चार हजारांवर फिरवला तर तो आपल्या पूर्ण शक्तीच्या जेमतेम दोन पंचमांशच घेईल. म्हणजे बाजारातला जेटचा पाय उचलून डिझेलला लावला, असे चालत नाही; पंप वेगळा घडवावा लागतो. तो कोण घडवणार, आणि मोडला तर सुटा भाग कुठून आणणार? जेटचा पंखा आणि त्याभोवतीची नळी यांत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी फट ठेवावी लागते. आपल्या नदीची वाळू ती फट एका मोसमात वाढवून ठेवील, आणि फट वाढली की रेटा गेला.

राहिला त्या तरुणाचा सर्वांत जड मुद्दा: पाय कापायचा नाही. त्याला आम्ही उत्तर टाळणार नाही, कारण पंख्याने झालेली जखम आम्ही पाहिली आहे. २०१९ साली मदतीला आलेली एक नाव गल्लीत मागे सरकत होती. एका मुलाने पाण्यातून काठ धरला, पंखा पोटरीला लागला. मुलगा वाचला, चालतो, पण लंगडतो. तेव्हा पंखा उघडा ठेवा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण जेटलाही तोंड आहे. त्याच्या ओढीत दोरी, मोकळे केस, लुगड्याचा पदर जाऊ शकतो. बायकांना पाण्यातून वर घ्यायचे तर हे विसरून चालत नाही. दोन्हींवर खरा उपाय एकच: माणूस पाण्यात नावेजवळ असताना यंत्र बंद. नुसते गिअर काढून ठेवणे नव्हे, बंद. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची दोरी यंत्राबरोबर येते, ती ओढली की यंत्र थांबते; ती बांधायचीच. आणि पंख्याभोवती कडे बसवून घ्यावे. त्याने थोडा वेग जातो, जाऊ द्यावा.

जेटची आणखी एक खोड. झोत आहे तोवर बोट वळते. वेग कमी केला की वळणेही कमी, इंजिन बंद पडले की जवळजवळ संपलेच. पंख्याच्या यंत्राचा लांब पाय निदान सुकाणूसारखा थोडा उपयोगी पडतो. आपल्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पाणी चढताना किंवा उतरताना बंधाऱ्याखाली जो उलटा भोवरा फिरतो तो नावेला परत परत भिंतीकडे ओढतो. अशा ठिकाणी वरच्या अंगाला जाळी तुंबून रेटा गेला, तर पुढचे लिहिण्याची गरज नाही. नाव कोणतीही असो, बंधाऱ्याजवळून नेऊच नये.

मग जेट कुणी घ्यावे? डोंगराळ ओढ्यांत, खडकांवरून धावणाऱ्या पाण्यात, किंवा समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्याला झटकन गाठायला ते उत्तम. जिल्ह्याच्या पथकाने प्रशिक्षित माणसे, सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय ठेवून ते जरूर बाळगावे. सैन्यदलांना डिझेल किंवा जड इंधनावरची यंत्रे हवी असतात, कारण जहाजावर पेट्रोल ठेवणे त्यांना धोक्याचे वाटते. त्यांचे कारण खरे आहे, पण त्यांची तिजोरी आपली नाही. सारख्याच शक्तीच्या पेट्रोल यंत्राच्या कितीतरी पट किंमत डिझेल टांगत्या यंत्राला पडते.

कोणी म्हणेल, मग लांब दांड्याचे डिझेल यंत्र का नको, केरळात आहे तसे? पाण्याच्या पंपाचे लहान इंजिन, त्याला लांब दांडा, टोकाला पंखा. स्वस्त आहे, आपल्या मिस्त्रीला कळते, दांडा उचलला की पंखा पाण्याबाहेर. मासेमारीला छान. पण गल्लीबोळांत, माणसांच्या गर्दीत सात-आठ फुटांचा दांडा आणि टोकाला उघडा पंखा फिरवायचा, हे आमच्या जिवाला पटत नाही.

आम्ही ग्रामसभेत जे सांगणार आहोत ते असे. रुंद, सपाट तळाची फायबरची नाव घ्यावी. यंत्र पंख्याचे, पेट्रोलचे, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे, पंख्याला कडे. बाजारात जे यंत्र जास्त विकले जाते आणि ज्याचे भाग बेळगावात किंवा गोव्यात मिळतात तेच घ्यावे, मग ते जुन्या पद्धतीचे असले तरी चालेल. काही लहान यंत्रांत पंख्याला एक मऊ पिन असते. पंखा कशाला आदळला की ती मोडते आणि बाकीचे यंत्र वाचवते. आपल्या यंत्रात तशी पिन असेल तर अशा दहा पिना नावेतच बांधून ठेवाव्यात, कारण पाण्याखाली कुंपणाच्या तारा आहेत आणि त्या कुणाला दिसत नाहीत. वल्ही दोन आणि बांबू दोन हवेतच. यंत्र बंद पडणार असे धरूनच निघावे. पेट्रोल मृग ते अश्विन एवढेच ठेवावे, बंद डब्यात, घरापासून दूर. उरलेले गावातल्या मोटारसायकलींत घालून संपवावे. दर पंधरवड्याला यंत्र एकदा चालवावे, पिंपात पाणी भरून का होईना.

डिझेल यंत्राचे जे पैसे वाचतील त्यांतून जीवरक्षक जाकिटे घ्यावीत. नावेत जितकी माणसे तितकी, शिवाय मुलांची लहान मापाची वेगळी. आणि नावेच्या दोन्ही बाजूंना तांबड्या रंगाने पट्टा ओढावा: इथवर पाणी आले की आणखी कुणाला चढवायचे नाही, मग चढणारा सरपंच असो की आमचा सख्खा भाऊ. पट्टा कुठे ओढायचा ते मे महिन्यात, ओळखीच्या पाण्यात, वाळूची पोती भरून ठरवावे. पन्नास किलोची पोती पुरेशी आहेत. ती गावात आहेतच.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे वाचून दाखवले. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "काका, कडे मी गोव्यातून आणतो, आणि चालवायलाही शिकवतो." त्याला पुढच्या उन्हाळ्यात आठ दिवस रजा मिळेल का, एवढेच आता पाहायचे आहे.